नावाची मालकीण : स्त्रियांचे छोटे धंदे का टिकत नाहीत?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या अभ्यासवर्गांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. गिरणी कामगार, शेतमजूर, विडी कामगार, अंगणवाडी सेविका यांच्या प्रश्नांवर आपण ठराव करतो, मोर्चे काढतो. पण पाटी घेऊन भाजी विकणारी, घरी डबे करून देणारी, शिलाई यंत्रावर परकर-झबली शिवणारी, पापड-लोणची घालून दारोदार नेणारी स्त्री समोर आली की आपण थबकतो. तिला मालक नाही, म्हणून ती कामगार नाही. तिचा स्वतःचा धंदा आहे, म्हणून ती क्षुद्र भांडवलदार वर्गात मोडते. असे वर्गीकरण करून आपण मोकळे होतो आणि ती बाई सावकाराच्या किंवा कर्जवसुली करणाऱ्या एजंटाच्या हाती राहते. हे वर्गीकरण एकदा तपासून पाहावे आणि असे धंदे सुरू होतात खरे, पण टिकत का नाहीत, याचा शोध घ्यावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

गिरणगावची खानावळवाली

प्रश्न समजून घेण्यासाठी आपल्या चळवळीच्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून लाखो कामगार आले. बहुसंख्यांची बायकामुले गावी होती. दहा-बारा जणांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायचे कोठे, तर शेजारच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या बाईकडे. त्या बाईचा नवरा बहुधा गिरणीतच असे, किंवा आजाराने वा बेकारीने घरी बसलेला असे. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून तिची चूलही तीन पाळ्यांत पेटे. जेवणाचे पैसे मिळत ते महिनाअखेरीस पगार झाल्यावर. तोपर्यंत वाण्याकडून धान्य उधारीवर आणायचे, वाण्याची उधारी फेडण्यासाठी सावकाराकडे जायचे आणि सावकाराकडे गळ्यातले मंगळसूत्र गहाण टाकायचे, असा तिचा क्रम होता.

गिरणी मालकांचा या बाईशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. पण गिरणीची पाळी वेळेवर भरत होती ती तिच्या हातच्या भाकरीवर. कामगाराची श्रमशक्ती रोजच्या रोज पुन्हा उभी करण्याचे काम ती करीत होती आणि महिनाभराच्या उधारीचे ओझेही तीच वाहत होती. मालक पगार महिन्याने देई, याचा अर्थ एवढाच की त्या महिन्याचे भांडवल या बाईने पुरवलेले असे!

१९७५ साली कॉम्रेड प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने या स्त्रियांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले. गोवा मुक्तिसंग्रामातून घडलेल्या आणि गिरणगावात काम केलेल्या या कार्यकर्तीने ओळखले की खानावळवालीला स्वयंपाक शिकवण्याची गरज नाही. तिला सावकारापासून सोडवण्याची गरज आहे. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ साली अत्यंत गरिबांसाठी चार टक्के दराच्या कर्जाची योजना आली होती. पण बँकेच्या दारात तारण विचारले जाई आणि तारण ठेवण्यासारखे या बाईजवळ काहीच नव्हते. मंडळाने त्यावर उत्तर शोधले : शेजारच्या खानावळवाल्या एकमेकींना जामीन राहतील. ज्या बायका कालपर्यंत एकमेकींचे गिऱ्हाईक ओढीत होत्या, त्या एकमेकींच्या जामीनदार झाल्या. बँकेचे कर्ज आले आणि फिटले.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपकरी कामगाराला ताटावरून उठवायचे कसे? बायकांनी उधारीवर जेवू घातले. संप लांबला, कामगार गावी परतले, थकलेली खाती तशीच राहिली. नंतर गिरण्याच बंद होत गेल्या आणि ज्यांच्या जेवणावर धंदा उभा होता ते गिऱ्हाईकच नाहीसे झाले. एकट्या बाईला हा घाव सोसणे शक्य नव्हते. मंडळाने मात्र डबे, सामुदायिक खानपानसेवा, नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह असे मार्ग काढले. धंदा मोडण्याचे कारण बाईच्या अकुशलतेत नव्हते आणि तो सावरण्याचे बळही तिच्या एकटीच्या हुशारीत नव्हते. हा धडा लक्षात ठेवून आपण आजच्या परिस्थितीकडे वळू.

एक साधा हिशेब

२०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशातील एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के, म्हणजे सुमारे ८० लाख ५० हजार आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या होत्या. त्यांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक ठिकाणी पगारी मजूर एकही नव्हता. याचा अर्थ नीट समजून घ्या. 'उद्योजिका' या भारदस्त शब्दामागे दर सहांतील पाच जणी अशा आहेत की ज्यांच्याकडे दुसऱ्याच्या श्रमाची पिळवणूक करण्याचा प्रश्नच येत नाही. त्या फक्त स्वतःचे श्रम आणि घरातल्या माणसांचे, विशेषतः मुलींचे श्रम वापरतात.

आता आपण उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका बाईकडे महिना तीन हजार रुपये दराचे वीस डबे आहेत. महिन्याला साठ हजार रुपये हाती येतात. शेजारी म्हणतात, बाई चांगली कमावते. त्यातून किराणा, भाजी आणि गॅस यांना बेचाळीस हजार गेले. डबे पोचवणाऱ्या मुलाला सहा हजार, कर्जाच्या हप्त्याला साडेचार हजार, वीज आणि भांडीकुंडी यांना दीड हजार. उरले सहा हजार. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवसाला बारा तास, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे ३६० तासांचे काम. तासाला सतरा रुपयेही पडत नाहीत. आणि या वीसपैकी दोघांनी महिन्याचे पैसे बुडवले, तर तिची संपूर्ण महिन्याची मिळकत गेली. नफा आणि मजुरी असे दोन रकाने तिच्या वहीत नसतातच. तिची मजुरीच नफा म्हणून मोजली जाते आणि तीही अनेकदा किमान वेतनाहून कमी असते.

दुसरीकडे शासनाची व्याख्या पाहा. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. म्हणजे अडीच कोटींच्या यंत्रांचा कारखानदार आणि ही डबेवाली बाई एकाच रांगेत उभी! त्या रांगेतील सवलती कोणाच्या पदरात पडतील, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

चार अडथळे

पहिला अडथळा पैशाचा. आज असे म्हटले जाते की स्त्रियांना कर्जे भरपूर मिळतात. खरे आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत निम्म्याहून कितीतरी अधिक कर्जखाती स्त्रियांची आहेत. बचतगटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम तर १९९२ पासून चालू आहे. परंतु लहान रकमेच्या, आठवड्याला वा महिन्याला हप्ता कापणाऱ्या कर्जाने धंदा उभा राहत नाही. शिलाई यंत्र घेतल्यावर कापडासाठी पैसे लागतात, कापड शिवल्यावर व्यापारी दोन महिन्यांनी पैसे देतो. हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात येतो. मग एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या संस्थेचे कर्ज घ्यावे लागते. कर्जावर बाईचे नाव, पैसा नवऱ्याच्या आजारपणाला किंवा मुलाच्या शिक्षणाला गेलेला आणि वसुलीचा तगादा पुन्हा बाईलाच, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे.

आंध्र प्रदेशात खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीमुळे २०१० साली आत्महत्यांचे सत्र घडले आणि राज्य सरकारला त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर काही निर्बंध आले. पण २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून घेतली आणि कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत रक्कम हप्त्यांत जाण्यास मुभा ठेवली. ज्या घरात महिन्याला बारा हजार येतात, तेथील सहा हजार हप्त्यांत गेले, तर चूल कशावर पेटावी?

येथे एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छिते. गटाची जामीनकी 'अन्नपूर्णे'तही होती आणि या कंपन्यांतही आहे. तेथे गट बाईची संघटना होता. तो बँकेशी तिच्या वतीने बोले, अडचणीत तिच्या पाठीशी उभा राही. येथे गट हा कंपनीच्या वसुलीचा हस्तक आहे. एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या नऊजणींना तिच्या दारात बसवले जाते. साधन तेच आहे. ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे.

दुसरा अडथळा जागेचा. रस्त्यावर बसणारीला पोलीस आणि पालिकेची गाडी यांचे भय, घरात काम करणारीला घर आपल्या नावावर नसल्याचे भय. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. कायदा लढून मिळवला. पण किती शहरांत आपण या समित्यांच्या निवडणुकांकडे गांभीर्याने पाहिले? मणिपूरमध्ये इंफाळच्या इमा बाजारात विक्रेत्या केवळ स्त्रियाच आहेत. पिढ्यान्पिढ्या त्यांनी ती जागा राखली आहे. १९३९ साली तांदळाच्या निर्यातीविरुद्ध मणिपुरी स्त्रियांचा जो उठाव झाला, त्याचे बळ या बाजारातच होते. जागा सामूहिक असेल तर धंदाही टिकतो आणि लढाही उभा राहतो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांनी लाल झेंड्याखाली लढून घरे मिळवली. घरात बसून काम करणाऱ्या स्त्रीला घर म्हणजेच कारखाना, गोदाम आणि तारण असते. म्हणूनच त्या लढ्याचे महत्त्व केवळ निवाऱ्यापुरते नाही.

मालमत्तेचा प्रश्न येथेच जोडलेला आहे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण हक्कसोडपत्रावर सही करून देणे हे आजही 'चांगल्या बहिणी'चे लक्षण मानले जाते. भावाच्या प्रेमापोटी केलेल्या त्या एका सहीमुळे ती जन्मभर बँकेच्या दारात तारणाविना उभी राहते.

तिसरा अडथळा वेळेचा. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी कमी झाला आणि पुरुषाचा वाटा नऊ मिनिटांनी! जवळजवळ पाच तास विनामोबदला राबून झाल्यावर तिचा धंदा सुरू होतो. घाऊक बाजार पहाटे भरतो, त्या वेळी मुलांचे डबे असतात. बँक दुपारी उघडी असते, त्या वेळी सासू आजारी असते. धंदा वाढवायचा म्हणजे गावाबाहेर जायचे, रात्री उशिरा परतायचे. त्याची परवानगी कोण देणार? सभेला येणाऱ्या पुरुष साथींनी आपल्या घरचा हिशेबही मनाशी मांडून पाहावा. क्रांतीची भाषा करणाऱ्याच्या घरातही चहाचा कप आपोआप समोर येत नसतो.

चौथा अडथळा बाजाराचा. लहान विक्रेती किरकोळ भावाने कच्चा माल घेते आणि घाऊक भावाने तयार माल विकते. मोठा व्यापारी नेमके याच्या उलट करतो. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण घरी बसून कापड शिवणाऱ्या बाईजवळ ना नोंदणी, ना पावती, ना करार. ती कोणत्या दारात दाद मागणार? आज ऑनलाइन मंचावरून डबे विकण्याचा मार्ग दाखवला जातो. तेथेही प्रत्येक ऑर्डरीमागे मोठे कमिशन कापले जाते आणि गिऱ्हाईक तिचे न राहता मंचाचे होते.

या चार अडथळ्यांवर वरून आघात झाले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा एका रात्रीत रद्द केल्या. डाळीच्या डब्यात लपवलेली बाईची शिल्लक, जे तिचे एकमेव गुप्त भांडवल होते, घरातल्या सर्वांसमोर उघड झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीने पाट्या, गाडे, खानावळी ठप्प केल्या. त्यावर जूनमध्ये पथविक्रेत्यांसाठी उपाय आला तो दहा हजारांच्या कर्जाचा. उत्पन्न बुडालेल्यास मदत न देता कर्ज देणे, हे या व्यवस्थेचे खास वैशिष्ट्य आहे.

एकत्र येण्याचे अनुभव

मालक नाही म्हणून संघटना नाही, हा युक्तिवाद नवा नाही. अहमदाबादेत १९७२ साली 'सेवा' या संघटनेने नोंदणी मागितली, तेव्हा सरकारी खात्याने हाच प्रश्न विचारला होता : मालक कोण, तुम्ही लढणार कोणाशी? बायकांनी उत्तर दिले की संघटना केवळ मालकाविरुद्ध नसते, ती श्रमिकांच्या एकजुटीसाठी असते. नोंदणी मिळाली. १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन 'लिज्जत'चे पापड लाटावयास सुरुवात केली. तेथे लाटणारी प्रत्येक स्त्री भागीदार मानली गेली. या संस्थांच्या विचारसरणीशी आपले मतभेद असतील. पण ज्या स्त्रियांपर्यंत आपण पोचलो नाही, त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

केरळमध्ये १९९८ साली डाव्या आघाडीच्या सरकारने 'कुटुंबश्री' सुरू केले. शेजारगट, त्यावर वस्तीची समिती, त्यावर पंचायत पातळीची निवडलेली समिती, अशी ही रचना आहे. २०२० साली तेथे स्त्रियांच्या गटांनी जनकीय हॉटेले चालवली. वीस रुपयांत जेवण आणि प्रत्येक ताटामागे दहा रुपये शासनाचे अनुदान. गिरणगावच्या खानावळवालीला जे कधीच मिळाले नाही, ते या बायकांना मिळाले : शासनाचा आधार. परंतु अनुदानाची देणी थकली, २०२३ साली अनुदान बंद झाले आणि अनेक गट अडचणीत आले. आपल्याच आघाडीच्या सरकारच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये. धंदा सामूहिक असला, तरी सार्वजनिक खरेदीची शाश्वती आणि वेळेवर पैसे यांविना तोही डगमगतो.

एंगल्सने १८९४ साली शेतकरी प्रश्नावर लिहिताना लहान उत्पादकाला बळाने नव्हे, तर उदाहरणाने आणि सामाजिक मदतीने सहकाराकडे नेण्याचा मार्ग सांगितला होता. लहान धंदा चिरकाल टिकेल असे खोटे आश्वासन त्या बाईला देऊ नये आणि तो मोडण्याची वाट पाहत स्वस्थही बसू नये, असा त्याचा आजचा अर्थ आहे.

आपली कामे

पहिले काम, नोंद. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशा स्त्रियांची यादी करावी आणि त्यांच्याबरोबर बसून मी मघाशी मांडला तसा हिशेब मांडावा. वहीत स्वतःच्या मजुरीचा रकाना पाहणे हेच राजकीय शिक्षणाचे पहिले पाऊल आहे.

दुसरे, कर्जमुक्तीचे काम. वसुलीच्या नावाखाली होणाऱ्या छळाविरुद्ध वस्तीवस्तीत मदत केंद्रे हवीत. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांत आपले साथी आहेत. चार टक्क्यांची ती जुनी योजना, गटाच्या जामीनकीवरील कर्जे, हप्त्यांची फेरबांधणी यांसाठी त्यांनी शाखेच्या काउंटरपलीकडून आणि आपण अलीकडून जोर लावला पाहिजे.

तिसरे, जागेचे काम. पथविक्रेता समित्यांच्या निवडणुका लढवाव्यात आणि घरकुल योजनांतील घरे स्त्रीच्या नावे किंवा संयुक्त नावे व्हावीत, यासाठी आग्रह धरावा.

चौथे, सार्वजनिक खरेदीचे काम. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळांना आणि बचतगटांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. तरीही मोठे ठेकेदार वेगवेगळ्या नावांनी मागील दाराने शिरतात. शाळा, वसतिगृहे, रुग्णालये येथील जेवण स्थानिक स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडून घेतले जावे आणि बिल तीस दिवसांत चुकते व्हावे, ही मागणी प्रत्येक नगरपालिकेत व जिल्हा परिषदेत मांडता येईल.

पाचवे, पाळणाघरे आणि आजारपण-बाळंतपणातील सामाजिक सुरक्षा. आणि सहावे काम आपल्या घरातले, ज्याचा उल्लेख मी मघाशी केलाच आहे.

सहकारी संस्था काढली की प्रश्न सुटला, असेही समजू नका. हिशेब उघडा नसेल, निवडणूक होत नसेल, अध्यक्षीणबाईच पुढे छोट्या मालकीण होत असतील, तर ती संस्थाही सावकारीच्याच वाटेने जाते. संस्था जिवंत राहते ती सभासदांच्या जागरूकतेवर, आणि ती जागरूकता निर्माण करणे हे आपले काम आहे.

कॉम्रेड्स, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कोठेही जा, आपल्या सभेला आलेल्या कार्यकर्त्यांना कोणत्या तरी बाईने जेवू घातलेले असते. तिचा धंदा आज चालू आहे का, तिच्यावर कर्ज किती आहे, हे आपण कधी विचारले आहे का? १९८२ च्या संपात उधारीचे ताट वाढणाऱ्या स्त्रीने आपली वर्गीय बाजू निःसंदिग्धपणे दाखवून दिली होती. तिने आपल्याला ओळखले. आता तिला ओळखण्याची पाळी आपली आहे.